मागचं आधी वाच

४ मार्च
आज खुर्चीवर बसलो! बाईंच्या शेजारच्या. दहाच मिनिटं, पण बसलो. मालक बाहेर गेला होता.

बाई म्हणजे आमच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर फोटो सुधारतात त्या. पाठीमागे सगळे त्यांना घार म्हणतात, एवढी नजर! शाळेच्या वर्गाचा फोटो होता. चाळीस पोरं. एका आईला त्यात आपली मुलगी उठून दिसायला हवी होती. मला वाटलं, बाकीच्यांना उडवणार. छे! बाईंनी कुणाला धक्का नाही लावला. बाकीच्यांवरचा उजेड जरासा काढून घेतला, दिव्याची वात बारीक करावी तसा. रंग थोडे उतरवले. मागची भिंत किंचित धूसर. आणि पोरगी पुढे आली! जागची हलली नव्हती, तरी आली. बघतच राहिलो.

कॅमेरावाला म्हणाला, "तोंड मीट रे पोत्या, माशी जाईल." गोदामात पोती उचलायचो, म्हणून मी पोत्या. म्हणू दे.

६ मार्च
मालक म्हणाला, महिनाअखेर एक फोटो करून दाखव. बाई हो म्हणाल्या तर खुर्ची तुझी. नाहीतर झाडू आहेच, आणि तोही नको असेल तर पोती उचल.

गोदामात आता कोण घेतंय! न सांगता सोडलंय मी. पक्का पगार, राहायला खोली. ते काम मिळावं म्हणून आईने मामाच्या दारात तीन खेपा घातल्या होत्या. मी सोडलं हे तिला कळलं तर... नकोच. आधी खुर्ची मिळू दे, मग सांगेन.

ताईला मात्र सगळं मेसेजमध्ये लिहितो. घरात तो एकच फोन. शेवटी दर वेळी तीच ओळ — आईला सांगू नकोस. आईला वाचता येत नाही ते बरंच, असं मनात आलं. मग माझी मलाच लाज वाटली.

१० मार्च
आईला फोन. नेहमीसारखा गोदामाच्या फाटकापाशी जाऊन केला, म्हणजे ट्रकचे हॉर्न ऐकू जातात.
"आज गाड्या कमी वाटतात रे?"
म्हटलं, अर्धी सुट्टी.
"असू दे. डोळ्यांवर गार पाणी मारत जा."
पोती उचलणाऱ्याच्या डोळ्यांना काय होणार! आईपण ना.

१३ मार्च
फोटोतल्या एका आजींचा अंबाडाच कापला गेला माझ्या हातून. कडेने फिरवताना माउस घसरला. फोटोत त्या एकदम टकल्या! कॅमेरावाला पोट धरधरून हसला. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, "केसांना रेघ नसते. रेघ ओढायला जाऊ नकोस."
मग एकेक बट सोडवून दाखवली. गुंता सोडवतात तशी. काय हात आहे!

१७ मार्च
चुकलो आज. साधं नाही चुकलो.

एक म्हातारे शिंपी आले होते. चौघांच्या फोटोतून त्यांना एकट्याला पुढे काढायचं होतं. मी मागचं साफ केलं. त्यांच्या खांद्यावर चार बोटं होती, मागच्या माणसाची. घाण वाटली, पुसली.

बाईंनी बघितलं. "बोटं कुठं गेली?"
"मागची होती ना."
"भावाचा हात होता तो. भाऊ नाही आता. म्हाताऱ्याने हाच फोटो का आणला, विचारलंस?"
नव्हतं विचारलं.

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांची पद्धत सांगितली. काहीही अंधारात टाकण्याआधी मागची एकेक वस्तू मोठी करून बघायची आणि तोंडाने म्हणायची. डावीकडून उजवीकडे. खिडकी. पडदा. पडद्याखाली दोन पाय! एकदा असे मालकाचेच पाय सापडले होते म्हणे, पडद्याआड झोपलेल्या. "मागचं आधी वाच," म्हणाल्या. "मग बारीक कर."

बोटं परत आणली. बाई शेजारी बसून होत्या, मी उठेपर्यंत.

२१ मार्च
परीक्षेसाठी आईचाच फोटो करायचा ठरवला. ताईने पाठवला. आई घरात उभी आहे, हात पुसतेय. चेहरा असा की आता काहीतरी बोलणार. मागे आमचा सगळा पसारा. आई त्यातच हरवलीय.

२३ मार्च
केस. फक्त केस. दोन दिवस.

२७ मार्च
झाला! आई अशी पुढे आलीय की वाटतं, हाक मारली तर ओ देईल. कपाळावर उजेड थोडा वाढवला, मागची भिंत अंधारात बुडवली. मागचं वाचत नाही बसलो. आमचंच घर, त्यात काय वाचायचं?

२९ मार्च
बाईंनी कडा तपासल्या. केस तपासले. "हे तू केलंस?" दोनदा विचारलं. कॅमेरावालासुद्धा वाकून बघायला आला!

मग म्हणाल्या, "मागे काय आहे?"
"आमचं घर."
"घर नको सांगू. वस्तू सांग."
मी घडाघडा, आठवणीतून — खुंटी, आरसा, डबे, बादली...
"आणि ही पाटी कुणाची?"
पाटी? आमच्याकडे पाटी नाही. शाळेत जाणारं कुणी नाही घरात.
बाईंनी मूळ फोटो मोठा केला. वाचलं. मग उठल्या आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बस. पाटीला अंधारातून बाहेर काढ. मग बोलू."

३० मार्च
पाटीवर खडूने, वेडंवाकडं — आईला सांगू नकोस. खाली पुन्हा तेच. खाली पुन्हा. ताईचं अक्षर नाही हे. तिसरी ओळ सगळ्यात सरळ आहे.

फोन स्टुडिओतूनच लावला. एकही हॉर्न नाही. आई म्हणाली, "मग? दिली का बाईंनी खुर्ची?"

तिच्यावरच बसलो होतो.