हात पाठीमागे

ता. ४ ऑगस्ट
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
समोरच्याच इमारतीतून पत्र लिहितेय, कारण तू चालवतेस त्या भाजीबागेचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस. कॉलनीची चिटणीस मी, त्यामुळे वाईटपणा माझ्याकडे. हौसेने आलेले लोक दोन रविवारांत गळतात, निम्मे वाफे ओसाड पडलेत. अध्यक्षांना तिथे गाड्या लावायच्या आहेत. पुढच्या महिन्याच्या सभेत मतं घेणार. तुझा गुडघाही दुखतो. आता पुरे कर ना.
तुझी चिमणी

ता. ७ ऑगस्ट
चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.
गुडघा माझा आहे, त्याचं मी बघेन. बाग सोडणार नाही.
लोक का गळतात ते मात्र उमगलंय. नवा माणूस वाकायचा अवकाश, आम्ही जुनी खोडं त्याच्या हातातलं खुरपं काढून घ्यायचो. मग त्याने यायचं कशाला? म्हणून पंधरवड्यापासून प्रत्येक नव्यामागे एक जुना, आणि जुन्याने हात पाठीमागे बांधायचे. विचारलं तर सांगायचं, मातीला हात लावायचा नाही.
शिंप्याच्या पाठीशी पोस्टमनभाऊजी दिले. शिंप्याने तण समजून गाजरांची अख्खी ओळ उपटली. भाऊजींनी मिशी चावली, पण हात सोडले नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, आता या जागेत काय लावायचं म्हणता? दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आत शिंपी बियाणं घेऊन हजर. आता तोच नव्याने आलेल्या आपल्या मेव्हणीमागे हात बांधून उभा असतो. आणि कोणी दांडी मारली, तर जोडीदार खिडकीखाली जाऊन अशा हाका मारतो की सगळी गल्ली जागी होते.
अध्यक्षांना सांग, गाड्या आपल्या दिवाणखान्यात लावा.
वेळेवर जेवत जा.
तुझी हट्टी आत्या

ता. ९ सप्टेंबर
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
सभा गच्चीवर झाली, तुला जिने चढवेनात, म्हणून कळवते. अध्यक्ष तासभर बोलले. मग म्हणाले, गाड्यांच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा. शिंप्याने सावकाश दोन्ही हात पाठीमागे नेले. मग त्याच्या मेव्हणीने, पोस्टमनभाऊजींनी, बघता बघता मागच्या रांगांनीही. ऐकू गेलं नसेल म्हणून अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. हात मोजायचं काम चिटणिसाचं. मी उठले खरी, पण माझेही हात मागेच होते.
पुन्हा सभा घेऊ म्हणतात. घेऊ देत.
रविवारी येते. खुरप्याची मूठ कशी धरतात तेही मला ठाऊक नाही. माझ्यामागे तूच उभी राहा, आणि मी काहीही उपटलं तरी हात सोडू नकोस. माया आहे तशीच राहू दे.
तुझी चिमणी