एका पत्र्याला आठ हुक

सोलापूर,
९ जुलै २०२५

चि. सोमेश,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. आईचा गुडघा बरा आहे. परवा सिद्धेश्वराच्या देवळात चालत जाऊन आली. तुझा माणूस शाळेच्या नव्या दोन वर्गांचा ‘काम पूर्ण’चा कागद ठेवून गेला. "अक्का, सही कर, बाकी मी बघतो," असं तू फोनवर म्हणालास. फोनवर मला तुझ्याशी भांडता येत नाही, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वीच्या वादळाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. टीव्हीवर आदल्या दिवसापासून सांगत होते. समुद्र इतका लांब, आपल्याकडे काय येणार, म्हणून मी शाळा भरवली. चूक माझीच. दुपारी वाऱ्यानं छत उचललं तेव्हा तिसरीची एकतीस मुलं आत होती. खिचडी शिजवणाऱ्या कमलम्मांनी आपटणारं दार पाठीनं रेटून धरलं, म्हणून मुलं शेजारच्या दगडी खोलीत पळू शकली. शेवटची मुलगी निघाली आणि पत्रा कमलम्मांच्या हातावर आला. चार बोटं गेली.

चौकशीत मी लिहिलं, वारा फार होता. होताच. पण दुसऱ्या दिवशी मी पडलेले पत्रे पाहिले होते. एका पत्र्याला आठ हुक हवेत. तीन होते. छताचा ठेका तुझा होता, आणि वर न बघता ‘पूर्ण’ म्हणून सही मी केली होती. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात कमलम्मा डाव्या हातानं खिचडी ढवळत होत्या. नव्या छताकडं बघून म्हणाल्या, "बाई, वारं तर परत येणारच की. ह्ये तरी नीट बसवलंय न्हवं?"

मी लगेच शिडी मागवली, पदर खोचला आणि या वयात चढले. हुक मोजले. प्रत्येक पत्र्याला पाच. तिनाचे पाच, एवढंच शिकलास?

तुझा कागद सही न करता परत पाठवते आहे. दुसरा एक कागद काल मी शिक्षण कार्यालयात दिला. त्यात तुझं जुनं काम आहे, नवं आहे, आणि माझी ती सहीही आहे. माझं निलंबन होईल म्हणतात. होऊ दे. आई रडली, "भाऊ आहे गं तुझा," म्हणाली. तिलाही सांगितलं, भाऊ आहे म्हणूनच दोन वर्षं गप्प होते. आता नाही.

सगळे हुक बसेपर्यंत त्या वर्गांत एकही मूल बसणार नाही. कुणाचाही फोन येऊ दे.

रागावून का होईना, घरी ये. जेवायला वाढीन. कागद मागे घेणार नाही.

तुझी अक्का,
आणि आज तरी मुख्याध्यापिका,
राजेश्वरी