ताईचं लवकर झालेलं लग्न

रविवार, सालेकसा

उद्या मला पाहायला येणार आहेत. "तुही ताई एकोणिसाव्या वर्षी नांदाले गेली, सुखात नाही का?" आई म्हणाली. मग माझा होकारही विचारला. मी घरातली पहिली पदवीधर. पण ताई सुखात आहेच.

दुपारी अंगणात माहेरी आलेली ताई आणि भाऊजी विडीसाठीच्या तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होते. तिने हात पुढे करायच्या आत भाऊजी दोरी देत होते. प्रत्येक वेळी, न बोलता. मला हेवा वाटला.

"लवकर लगीन केल्याचा पस्तावा नाही होत?" मी ताईला विचारलं.

"कायले? आमी संगच मोठे झालो. पण मले तवा कोणी इचारलं नाही. तुले इचारून राहिले, तं बोल."

संध्याकाळी आईला सांगितलं, उद्या नको, लग्नाचं बी.एड. झाल्यावर पाहू. ताई माझ्या शेजारी उभी होती.