रावजीमामांचा कॅन सुटावा म्हणून

मुक्काम गुरुशांतची खोली, जुळे सोलापूर
(वैशाखातला कुठलातरी दिवस, कॅलेंडर कपाटामागं पडलंय)

तीर्थरूप सोनाआत्यांच्या पायाशी (पायाशी मांजर बसलं असेल तर त्याला जरा सरकवून) भाचा बिभीषण याचा दंडवत.

मी इकडं बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? म्हैस कशी आहे? म्हशीची चौकशी मी रीत म्हणून करत नाही. तुम्ही मामांशी अबोला धरल्यापासून घरातलं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालतं, म्हणून मला तिची काळजी वाटते. मागं मी आलो तेव्हा तुम्ही तिच्यापुढं कडबा टाकत म्हणालात, "भाकरी झाकून ठेवलीया, ज्याला भूक लागली त्यानं घ्यावी." आणि मामा पलीकडनं तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "म्हसाबाई, कालच्या कालवणात मीठ लई हुतं बघ." ती बिचारी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती आणि रवंथ करायचं विसरली होती. दुभत्या जनावराला एवढा ताप बरा नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्या घरी फोन आला की तो स्पीकरवर पडतो आणि गोठ्यापर्यंत ऐकू जातो, आणि हे मामांच्या कानावर जायला नको. म्हणून पत्र. मामांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा कुठं असतो ते तुम्हालाच माहीत असतं, त्यामुळं कागद सगळ्यात सुरक्षित. तुमच्या शेजारची पायल इथं नर्सिंगला आहे, ती शनिवारी मंगळवेढ्याला येतेय, तिच्याकडं हे देतोय. (पायल आता लई मोठ्या बाईसारखं बोलायला लागलीय. मला म्हणाली, "दादा, पाणी किती पिता दिवसाला?" मी म्हणालो, मोजत नाही. त्यावर तिनं माझी जीभ बघितली. पण ते असू दे.)

तर बाटली. तुम्ही मला गोठ्यामागं नेऊन जे काम सांगितलंत ते मी विसरलो नाही. तुमचं म्हणणं, मामा ज्या निळ्या कॅनमधून रानात पाणी नेतात तो मुळात तणनाशकाचा. मामांचं म्हणणं, राखेनं घासला, सोड्यानं धुतला, उन्हात वाळवला, वर पोतं शिवलं, आता तो गंगेसारखा. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी गावात सांगितलं, की औषधाचा डबा कितीही धुवा, पिण्याच्या पाण्याला तो कधीच वापरायचा नाही. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "त्यो कॅन रानात जातोय तवर माझं तोंड बंद." आणि तोंड बंद झालं. (मामांना आधी वाटलं, दोन दिवस शांतता. आता ते जेवून स्वतःचं ताट स्वतः घासतात आणि घासल्यावर ताट हातात घेऊन उभेच राहतात, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.) तुम्ही मला एवढंच सांगितलंत: अशी बाटली आण, जिच्यातनं पाण्यात काही उतरत नाही आणि जी बघून ते कॅन सोडतील. दोन्ही एकदम जमायला पाहिजे होतं, म्हणून वेळ लागला.

सुरुवात मी गुरुशांतला विचारून केली, ती चूक. गुरुशांत म्हणजे ज्याच्या खोलीत मी राहतो तो, अक्कलकोटकडचा, ऑफिसात जाणारा, आणि ज्याला फोनवर वाचायला काहीही चालतं असा माणूस. तो म्हणाला, प्लॅस्टिकची बाटली घेतलीस तर आधी उलटी कर. बुडाला त्रिकोण असतो, त्यात आकडा असतो. एक म्हणजे कोल्ड्रिंकची बाटली, ती एकदा वापरून सोडून द्यायची, तिच्यात महिनोन्महिने पाणी भरत बसायचं नाही. पाच म्हणजे त्यातल्या त्यात बरं. सात म्हणजे बाकी सगळे, आणि त्या गर्दीत बीपीए नावाचं रसायन लपलेलं असू शकतं, ते शरीरात जाऊन भलत्याच ग्रंथींना भलतेच निरोप देतं. मी म्हणालो, मग बीपीए नाही असं लिहिलेली घेऊ. तर म्हणाला, तेही तपास, कारण कधीकधी त्याला काढून त्याच्या चुलतभावाला आत घेतात आणि तोही तसलाच निघतो. आत्या, हे ऐकून मला आपल्या भावकीची आठवण झाली.

त्या दिवसापासून मला वस्तू उलट्या करायची सवय लागली. चहाच्या गाड्यावर बरणी उलटी केली, त्यात खारी होती. शेजारच्या राजेश्वरीकाकूंनी शेंगाचटणीचा डबा दिला, तो दारातच उलटा करून बघितला. आकडा पाच होता, चांगला डबा होता, पण झाकण नीट लागलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "चटणी नको होती तर तोंडानं सांगायचं की रे." तेव्हापासून त्यांच्याकडचा डबा येत नाही. (तुमच्याकडची चटणी पायलबरोबर आली तर मी डबा सरळच धरीन.)

मग स्टेशनकडं जाताना फुटपाथवर एक बाटलीवाला दिसला. रंगीत बाटल्यांची रास, आणि प्रत्येकीवर हिरवी चिठ्ठी: बीपीए-मुक्त. मला वाटलं काम झालं. एक उचलली, तिच्यावर चिठ्ठी नव्हती. मी तसं म्हणालो, तर त्यानं मांडीखालनं चिठ्ठ्यांचं भेंडोळं काढलं, एक फाडून चिकटवली आणि म्हणाला, "ये लो भाई, मुक्त हो गई." मी जरा थबकलो तर म्हणाला, "दो लगा दूँ?" मी बाटली उघडून वास घेतला. नव्या टायरच्या दुकानासारखा वास. मामांच्या कॅनला निदान राखेचा तरी वास येतो.

तिथनं मी तांब्याकडं वळलो. दिसायला लई देखणी बाटली, मामांच्या हातात शोभली असती. पण मला आठवलं, मामा दुपारनंतर त्याच भांड्यात ताक ओतून घेतात. ताक आणि तांबं म्हणजे एक विष काढून दुसरं घालायचं. मग ॲल्युमिनियमची; तिला आतनं लेप असतो आणि तो लेप कशाचा, हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मग काच. काचेतनं पाण्यात काहीच उतरत नाही हे खरं, पण मामा मोटारसायकल बांधावरनं नेतात. काचेची बाटली मी घेतली नाही, नुसती हातात घेऊन उभा होतो, तेवढ्यात समोरनं माझ्या जुन्या कुरिअरच्या कामाचा साहेब जाताना दिसला, आणि मी त्याला दिसू नये म्हणून खाली वाकलो. (साहेबाला दिसलो नाही. दुकानदाराला मात्र बाटली पडलेली दिसली. त्याचं काय झालं ते विचारू नका.)

शेवटी गेलो सिद्धप्पांच्या भांड्याच्या दुकानात. हे तुमच्या ओळखीचे, तुमच्या लग्नातला हंडा त्यांच्याच वडिलांकडचा, असं त्यांनीच मला सांगितलं, आणि हंडा अजून गळत नाही ना, हेही विचारलं. त्यांनी स्टीलची बाटली काढली. बुडाला ३०४ कोरलेलं, म्हणजे खाण्यापिण्याचं स्टील. झाकण उघडून दाखवलं: आतनंही स्टील, नुसतं गोल रबर तेवढं, आणि तेही काढून धुता येतं. "बाटली स्टीलची आन झाकण आतनं प्लॅस्टिकचं, असं लई असतंय. झाकण बघूनच घ्यायचं," म्हणाले. दुहेरी भिंतीची, थर्मासच्या जातीची. "उन्हात ठेवली तरी काय होत नाही," म्हणाले. मी खुशीत घेतली. पण तुमच्याकडं पाठवायच्या आधी आपण स्वतः वापरून बघावी, एवढी अक्कल मला होती. ती अक्कलच नडली.

मी सध्या चिंचोळी एमआयडीसीत खोकी बांधायच्या कामाला आहे (सध्या हा शब्द आमच्या अप्पांना वाचून दाखवू नका, पोरगं परत काम सोडणार म्हणतील). जेवणाच्या सुट्टीच्या आधी मी तिथल्या नळाला बाटली भरली. नळाचं पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतनं, आणि टाकीवर ऊन किती पडतं हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. वर आपल्या रीतीप्रमाणं बाटलीला पोत्याचा तुकडा गुंडाळला, तो भिजवला, आणि सावलीत ठेवली. तासाभरानं मोठ्या ऐटीत घोट घेतला आणि जीभ पोळली. वाटलं अजून गार व्हायचंय. दुपार गेली, संध्याकाळ झाली, पोतं तीनदा भिजवलं, पाणी तसंच कढत. जोडीदार म्हणाले, "बिभ्या, चहापत्ती टाक की, वाया कशाला घालवतो." एकानं खरंच टाकली. चहा बरा झाला.

मी बाटली घेऊन तरातरा सिद्धप्पांच्या दुकानात. म्हणालो, आमच्या मामांचा विषाचा कॅन पोत्यात घातला तर पाणी गार करतो आणि तुमची शुद्ध बाटली चटके देते, आता हे मी आत्याला कुठल्या तोंडानं सांगू? त्यांनी बाटली हातात घेतली, पोतं सोडलं, माझ्याकडं असं बघितलं की मी म्हैस असतो तर माझी रवंथ थांबली असती. "येनप्पा," म्हणाले (कानडीत 'काय रे बाबा'), "असं कसं रे तू? ही गार करत न्हाई, ही गरम करत न्हाई. तू घालशील ते सांभाळून ठेवती. कढत घातलं, कढतच देणार. हिची काय चूक हाय?" दुसऱ्या दिवशी माठातलं भरून नेलं. संध्याकाळी प्यायलो तर दात शिवशिवले.

आत्या, राग मानू नका, पण दुकानातनं परत येताना मला त्या बाटलीबरोबर तुमचीच आठवण येत होती. तुम्हीही जे आत घातलंय ते चांगलंच सांभाळून ठेवलंय. बाहेरनं पोतं कितीही भिजवलं तरी आतलं निवत नाही. मामांच्या जिवासाठीच तो राग आहे हे मला कळतं, म्हशीलाही कळलं असणार. पण आता बाटली आलीय, तर आतलं ओतून टाकायला हरकत नाही.

नाव घालायचं राहिलं होतं. सिद्धप्पा म्हणाले, दुहेरी भिंतीवर यंत्राची सुई चालवणार नाही, झाकणावर घालतो. कुणाचं घालू? मामांचं घातलं असतं तर मामा म्हणाले असते, मी मागितली नव्हती. तुमचं घातलं असतं तर म्हणाले असते, बायकोची बाटली रानात नेऊ का? म्हणून दोघांची घातली. झाकण लहान आहे, त्यामुळं 'सोनाबाई' आणि 'रावजी' अगदी खेटून बसलीत. तिथं तरी बसा.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांचे गाल ओढणे, आणि म्हशीला विश्रांती देणे.

तुमचाच, सध्या एका जागी असलेला,
बिभीषण

ता. क. पाणी माठातलंच भरा, सकाळी. गच्चीवरच्या टाकीचं चुकूनही नाही. पोतं लावायचं नाही. मामा लावतो म्हणाले तर लावू द्या, त्यानं नुकसान काही नाही, शोभा आहे.

आणखी ता. क. आता खरं ते लिहितो, लिहायचं नव्हतं म्हणून वर लिहिलं नाही. मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला होता, शेजारच्या रानातल्या धुळाच्या फोनवरनं. तुम्हाला काही कळू देऊ नकोस म्हणाले. त्या कॅनला त्यांनी कधीच बुडाला भोक पाडलंय. तुम्ही जे मला तक्रारीनं सांगितलंत, की हल्ली तर पोतं जास्तच भिजवून मिरवत नेतात, ते खरं आहे. नुसतं पोतंच भिजवतात, आत काही नसतं. पाणी पितात धुळाच्या माठातलं. मी विचारलं, मग घरी सांगत का नाही? म्हणाले, "ती इचारंना, मग मी सांगू कसा? म्या आपलं आपण सांगितलं तर हरल्यावानी दिसतंय. तू एक बाटली धाड बाबा, म्हंजे कायतरी निमित्त हुईल." तर आत्या, ही बाटली तुम्ही मागितली होती आणि त्यांनीही. विनंती एवढीच: ती रिकामी त्यांच्या पुढ्यात ठेवू नका. माठातलं पाणी भरा आणि हातात द्या. हातात देताना 'घ्या' म्हणावंच लागतं. तेवढं पुरे.

अगदी शेवटचा ता. क. पायलच्या पिशवीत कागद चुरगळेल म्हणून हे पत्र मी गुंडाळून बाटलीतच घालतोय, म्हणजे आता तुम्ही ते तिथनंच काढलं असणार. पेनाची शाई कशाची असते हे मी गुरुशांतला विचारलेलं नाही, विचारलं असतं तर पत्र गेलंच नसतं. त्यामुळं बाटली आधी स्वच्छ घासा, आणि मामांच्या देखत घासा. ते बघत बसतील आणि न राहवून विचारतील, "ह्याच्यात काय औषध हुतं काय गं?" तसं विचारलं, तर आधी ते बोलले असं धरा. मग 'घ्या' म्हणायला तुम्हाला काही जड जाणार नाही.