ताई कुठे गेली?

प्रिय चिमणे,

रविवारी फोनवर तू विचारलंस आणि मी ‘पत्रातून सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. फोनवर मी जरा अडखळले, की तू लगेच स्वतःच काहीतरी ठरवून मोकळी होतेस. लहानपणापासूनची खोड आहे ती तुझी. म्हणून आज शांतपणे लिहायला बसले आहे. आई जेवून आडवी झाली आहे, खिडकीतलं ऊन तिच्या पायांवर आलं आहे. पडदा ओढायला गेले तर म्हणाली, ‘असू दे गं, गरम गरम वाटतंय.’

आधी तिची खुशाली. भूक चांगली आहे. चालताना माझा दंड घट्ट धरते आणि वर मलाच बजावते, ‘जपून हं, पडशील.’ उभा जन्म प्रसूतिगृहात बाळं झेलण्यात गेला तिचा, ते बाळ गुंडाळण्याचं कसब अजून हातात आहे. टॉवेल म्हणू नकोस, उशीचा अभ्रा म्हणू नकोस, दिसेल ते गुंडाळून छातीशी धरते. मागच्या आठवड्यात माझं शिवणाचं गिऱ्हाईक, ते बँकेतले साहेब, आले होते. त्यांची पँट कमरेत सैल करायला टाकली होती. मी आत सुई शोधतेय तोवर आईने ती पँट गुंडाळून त्यांच्या हातात दिली. ‘अभिनंदन हो! मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.’ एरवी त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. पण त्यांनी दोन्ही हात पुढे करून, डोक्याखाली तळवा धरून ते बाळ घेतलं आणि विचारलं, ‘नाव काय ठेवू?’ आई म्हणाली, ‘आधी घरी तर न्या, ताटकळली असेल आजी.’ आणि खरंच ते तसेच घरी निघून गेले. कमर सैल करायची राहिली ती राहिलीच. त्या दिवशी मी पोट धरून हसले आणि मग उगाचच रडले. देव कोणाच्या रूपात घरी येऊन जाईल, काही नेम नाही बघ.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. गेले काही महिने आई मला ओळखत नाही. ती मला चिमणी म्हणते. वेणी घालताना, औषध देताना, आंघोळ घालताना, सारखं ‘चिमणे, चिमणे’. पहिल्यांदा मनाला फार लागलं. करते मी आणि नाव तुझं! मग मनाची समजूत घातली की आईला तुझी ओढ आहे, ती अशी का होईना भागते आहे.

मध्यंतरी फादर चर्चमधून आईसाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी आले आणि त्यांनी बायबलमधला नेमका मार्था आणि मरियेचा उतारा वाचला. तुला माहीतच आहे, त्या गोष्टीशी माझं कधीच जमलं नाही. प्रभू घरी आले, एक बहीण पायाशी बसून ऐकत राहिली आणि दुसरीने चूल सांभाळली. बोलणी कोणाला बसली, तर चूल सांभाळणारीला! तू मठात गेलीस तेव्हा सगळे म्हणाले, मरियेसारखा धाकटीने उत्तम वाटा निवडला. मी सगळ्यांना हसून चहा दिला आणि मग मोरीत जाऊन भांडी आपटली. फादर वाचत होते तेव्हाही माझं अर्धं लक्ष शाळेच्या गणवेशांच्या गठ्ठ्याकडेच होतं.

ते गेल्यावर मी लगेच मशीनवर बसले. आई खाटेवरून माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘चिमणे, ताई कुठे गेली गं?’ मी म्हटलं, ‘अगं, मीच ताई.’ तिने मान हलवली. ‘नाही. ताई माझ्याजवळ बसतच नाही. सारखी कामात असते. तिला म्हणावं, राहू दे ते. जरा ये, बस. मला तिची फार आठवण येते.’

चिमणे, एका खोलीत, हाताच्या अंतरावर होतो गं आम्ही. ती इतके दिवस माझी वाट बघत होती आणि मी समजत होते, ती तुझी वाट बघते आहे. मी मशीन थांबवलं आणि खाटेखाली जमिनीवर बसले. तिने माझ्या केसांत बोटं घातली. ‘येईल ना ताई?’ मी म्हटलं, ‘आलीच म्हण.’

तेव्हापासून जेवणं झाली की मी मशीनला हात लावत नाही. गिऱ्हाईकं कुरकुरतात, कुरकुरू देत. आई मला ताईच्या गोष्टी सांगते. ताईने धाकटीला कडेवर घेऊन कसं घर राखलं, तापात धाकटीच्या उशाशी कशी बसून राहिली, ताईच्या हाताला कसा गुण आहे. तोंडावर कधी बाईने चांगला शब्द काढला नव्हता! मी नुसती ऐकते. प्रार्थना म्हणून मी आजवर भराभर शब्द उरकत आले. आता काही मागत नाही, बोलत नाही, तिच्या पायाशी बसून राहते. यालाही प्रार्थना म्हणत असतील तर तूच सांग, तुझा अभ्यास मोठा.

आता तुझा प्रश्न. शेवटची व्रतं अजून घ्यायची आहेत, तोवर मठ सोडता येतो, मदर सुपीरियरही अडवणार नाहीत, आईसाठी कायमची घरी येऊ का, असं तू विचारलंस. अजूनही दाराची कडी वाजली की मला आधी तुझाच भास होतो, यावरून काय ते ओळख. तरीही येऊ नकोस. मी मला ओळखते. तू आलीस की तू आईजवळ बसशील, मी तुमच्या दोघींसाठी स्वयंपाकघरात राबत राहीन आणि आई पुन्हा विचारेल, ताई कुठे गेली. तू मनापासून निवडलंस ते मनापासून पूर्ण कर. तुझ्या व्रतांच्या दिवशी मला आईला सोडून येता येणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटणार आहे तेवढं पुरे. नंतर रजा मिळेल तेव्हा आठवडाभर पाहुणी म्हणून ये. मात्र आठवडाभर स्वयंपाक तू करायचास.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
ताई