हौदाच्या मोटरची अर्थिंग

आबा,

हौदाच्या मोटरला हात लावू नका. फ्यूज मी काढून नेतेय, त्याजागी तार घालून चालू करू नका.

काल तुमी अर्थिंगची तार मोजलीत आणि म्हणालात, "पॉइंट नऊ ओहम. चांगली हाय, मला शिकवू नको." पण त्या मीटरच्या दोन्ही पिना नुसत्या एकमेकींना टेकवल्या तरी तेवढाच आकडा येतो, कधी दोन येतो. तार तुटत आली असली तरी त्यात कळायचं न्हाय. पिनांचा आकडा वजा करणारं, परवडंल असं मीटर बघायला बारामतीला चाललेय.

म्हैस सकाळपासून तहानलेली हाय. हौदाला तोंड लावते आणि झटका बसल्यागत मागं सरते. आई धुणं घेऊन तिकडंच निघाली होती, तिला मी अडवलं. तुमाला अडवू शकंल असं घरात कुणी न्हाय, म्हणून लिहितेय.

सुकन्या