भंडारा पुसणाऱ्याला

तीर्थरूप आबांना सांगलीहून क्रांतीचा दंडवत.

मी बरी हाय, येळेवर जेवते. आईचा गुडघा कसा हाय?

आबा, साडीच्या दुकानातलं काम सुटलं. मालक म्हनला, "कपाळावरचा भंडारा पूस, गिऱ्हाइकं हसत्यात." मी म्हनलं, "बिरोबाचा हाय, न्हाई पुसनार." तवा त्यानंच ओल्या फडक्यानं समद्यांदेखत माझं कपाळ पुसलं.

मग मी पर्समधली भंडाऱ्याची पिशवी त्याच्या डोक्यावर पालथी केली. "आता पूस," म्हनलं. लय गार वाटलं बगा.

तो पोलिसांत गेलाय. माफी मागितलीस तर तक्रार मागं घेतो, म्हनतोय. मी बी तक्रार दिलीय. भर दुकानात त्यानं माझ्या कपाळाला सोताच्या हातानं भंडारा लावंस्तवर त्याला सोडत न्हाई.

घरी पोलिस आलं तर भिऊ नका. लेक चुकली न्हाई, एवढंच सांगा.

तुमचीच,
क्रांती